फरशीखालची ऊब: एका कौटुंबिक निर्णयाची मीमांसा

घराच्या जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा घालून ती जमीनच मंद तापवायची आणि तिच्याकरवी खोली उबदार ठेवायची, या व्यवस्थेला अंडरफ्लोअर हीटिंग म्हणतात. युरोपातील थंड देशांत तिचे आता फारसे कोणाला नवल वाटत नाही. इंग्लंडमध्ये मात्र ती अद्याप चैन आणि गरज यांच्यामध्ये कोठेतरी अडकून पडली आहे, आणि त्या देशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तिच्यावरून होणारा वाद विशेष विकसित झालेला आढळतो. थंडीशी या कुटुंबांनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच तडजोड केलेली असते. त्यांना पेलत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: या व्यवस्थेचा निर्णय फरशी बसण्यापूर्वी, म्हणजे घरातील इतर एकही निर्णय झालेला नसताना घ्यावा लागतो, आणि तिच्यावर खर्च झालेला पैसा त्यानंतर कोणालाही दाखवता येत नाही.

हा प्रश्न बहुधा स्वयंपाकघर वाढवताना उपस्थित होतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेली, एका भिंतीने शेजाऱ्याच्या घराला जोडलेली, म्हणजेच सेमी-डिटॅच्ड म्हणून ओळखली जाणारी घरे लंडनच्या उपनगरांत मैलोगणती पसरलेली आहेत. त्यांचे मूळ स्वयंपाकघर इतके चिंचोळे असते की फोडणी देणारी व्यक्ती आणि फ्रिज उघडणारी व्यक्ती यांना आपापल्या हालचालींची एकमेकांना आगाऊ सूचना द्यावी लागते. म्हणून चार पैसे गाठीशी जमले की मागची भिंत पाडून बागेच्या दिशेने खोली वाढवण्याचा बेत ठरतो, बागेच्या बाजूस पूर्ण रुंदीची काचेची दारे हवीत यावर एकमत होते, उरलेल्या भिंती ओटा आणि कपाटे व्यापून टाकतात, आणि मग रेडिएटर, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणारा भिंतीवरचा पोलादी पत्रा, बसवायला भिंतच शिल्लक राहत नाही. अशा वेळी, काँक्रीटची गाडी यायला जेमतेम आठवडा उरलेला असताना, बिल्डर विचारतो की खाली पाइप टाकायचे आहेत का. तोपर्यंत कुटुंबात टाइल्सच्या रंगावरही एकवाक्यता झालेली नसते.

इतिहास पाहता पूर्वी हा निर्णय बराच सोपा असावा असे दिसते. रोमन लोकांच्या हायपोकॉस्ट नावाच्या पद्धतीत जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचलून धरलेली असे, आणि बाहेरच्या भट्टीतील गरम हवा व धूर त्या खांबांमधून फिरून भिंतींतील पोकळ विटांवाटे वर निघून जाई. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने हे खांब आठ इंची विटांचे व दोन फूट उंचीचे असावेत, ते केस मिसळलेल्या चिकणमातीने सांधावेत, आणि खालचा तळ भट्टीकडे असा उतरता असावा की आत टाकलेला चेंडू न थांबता भट्टीच्या तोंडाशी परत यावा, असे लिहून ठेवले आहे. एवढ्या स्वच्छ कसोटीचे कलम आधुनिक कोटेशनांत शोधूनही सापडत नाही. रोमन ग्रंथकार प्लिनी या शोधाचे श्रेय सर्जियस ओराटा नामक एका उद्योजकाला देतो, ज्याची दुसरी ख्याती कालवांच्या शेतीबद्दल होती. हे श्रेय सर्वच विद्वानांना मान्य नाही, तरी ज्याला खाडीतली कालवे आणि घरातली माणसे या दोहोंच्या सुखाचा एकाच वेळी विचार करता येत होता, त्याला नाकारणे जिवावर येते. महत्त्वाचा मुद्दा असा की ज्याच्या तळपायांना ऊब मिळे आणि जो भट्टीत लाकडे घाली ते दोघे भिन्न होते, आणि दुसरा बहुधा गुलाम असल्यामुळे कौटुंबिक चर्चेत त्याचे मत विचारण्याचा प्रश्न उद्भवत नसे. इसवी सन ४१० च्या सुमारास ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली आणि तेथील जनता पुढची कित्येक शतके शेगडीसमोर बसून पुढून भाजत व मागून गारठत राहिली. बाथ शहरातील रोमन स्नानगृहांत ते विटांचे खांब आजही पाहता येतात, आणि तेथे सहलीला गेलेल्या कुटुंबात कोणीतरी त्यांच्याकडे पाहून आपल्या बिल्डरने दिलेल्या हमीच्या मुदतीचा उल्लेख करतेच.

कोरियात मात्र ही परंपरा खंडित झाली नाही. तेथील पारंपरिक ओन्डोल पद्धतीत चुलीचा धूर जमिनीखालच्या चरांतून खेळवून वरच्या सपाट दगडी लाद्या तापवत आणि त्यांवर तेल दिलेला जाड कागद चिकटवत. चुलीजवळची जागा सर्वांत उबदार असल्याने ती वडीलधाऱ्यांना व पाहुण्यांना देण्याची रीत होती, आणि तेथला कागद कालांतराने करपून तपकिरी होत असल्यामुळे घरातला मानमरातब जमिनीच्या रंगावरूनच कळत असे. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने ओन्डोलला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट हा टोकियोतील एका कडाक्याच्या हिवाळ्यात अशा कोरियन खोलीत जाऊन बसला आणि भारावून गेला, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. पुढे १९३६-३७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे बांधलेल्या जेकब्स हाउसमध्ये त्याने जमिनीखाली नळ्या घातल्या. भारतापुरते बोलायचे तर काश्मिरातील हमाम, म्हणजे खाली लाकडे पेटवून दगडी जमीन तापवलेली खोली, हे याच कुळातले आहे. महाराष्ट्राचे योगदान या क्षेत्रात शून्य आहे, कारण तेथे शहाबादी फरशी घालण्याचा मूळ हेतूच तिच्यावर भर उन्हाळ्यात उघड्या अंगाने आडवे होणे हा होता.

या व्यवस्थेचा सर्वांत गूढ भाग म्हणजे तिचे यश. रेडिएटरमध्ये पाणी साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअस तापमानाने फिरते आणि त्याला हात लावणाऱ्याला पैसे कोठे गेले ते तत्काळ कळते. जमिनीखालच्या नळ्यांना ३५ ते ४५ अंशांचे पाणी पुरते, कारण तापणारा पृष्ठभाग अख्ख्या खोलीएवढा असतो. शिवाय ईएन १२६४ या युरोपीय मानकानुसार नेहमीच्या वावराच्या जागेत जमिनीचे तापमान २९ अंशांपलीकडे जाऊ द्यायचे नसते, न्हाणीघरात ३३ अंशांपर्यंत मुभा असते, आणि लाकडी फरशीचे उत्पादक तर बहुधा २७ अंशांवरच हात वर करतात. खोली २० अंशांवर असताना २९ अंशांची जमीन दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट उष्णता देते, आणि ज्या खोलीच्या भिंती, छत व तळ यांत उष्णता अडवून धरणारे थर नीट बसवलेले आहेत तिला याच्या निम्म्यानेही भागते; त्यामुळे प्रत्यक्षात जमीन २४-२५ अंशांच्या आसपास घुटमळत राहते. मनुष्याच्या तळव्याची त्वचा याहून अधिक उष्ण असते. तात्पर्य, हजारो पौंड खर्चून तापवलेली जमीन पायाला गरम लागत नाही. ती केवळ गार लागत नाही.

गार न लागणे ही गोष्ट पाहुण्यांच्या निदर्शनास आणून देणे किती अवघड आहे, याचा विचार तांत्रिक पुस्तिकांत केलेला नसतो. पाहुण्यास प्रथम मोजे काढण्याची विनंती करावी लागते, आणि ती काही ओळखींत अवघडलेपणा निर्माण करते. मग तो काचेच्या दारापर्यंत चार पावले चालून परत येतो, यजमानाच्या चेहऱ्यावरची अपेक्षा वाचतो आणि “मस्त आहे” असे म्हणतो, परंतु त्या स्वरात जो संशय असतो तो यजमानाला रात्रभर पुरतो. अनुभवी यजमान यासाठी पाहुण्याला आधी जुन्या दिवाणखान्यातून, जेथे लाकडी फळ्यांच्या खालून वारा वाहतो, सावकाश फिरवून आणतात. पुण्याहून मुक्कामाला आलेल्या सासूबाईंच्या बाबतीत ही युक्तीही चालत नाही. त्या जमिनीला तळहात टेकवून “अगं, बिघडलंय वाटतं, कोमटसुद्धा नाही” असा निर्वाळा देतात, आणि तळहातही तळव्याइतकाच उष्ण असल्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या त्यांचे निरीक्षण अचूक असते.

याउलट रेडिएटरने मराठी संसारात केलेली सेवा बहुविध आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात बाहेर दोरीवर घातलेला कपडा वाळणे हा निव्वळ योगायोग असतो, तेव्हा शाळेचे गणवेश, टॉवेल आणि मोजे यांचा भार रेडिएटरच उचलतो. इंग्रजी घर रात्री १७-१८ अंशांवर आले की विरजण लागत नाही व डोशाचे पीठ फुगत नाही, म्हणून शाल गुंडाळलेले पातेले त्याच्याच कुशीत ठेवले जाते. जमिनीखालची ऊब ही कामे तत्त्वतः करू शकते, किंबहुना २५ अंशांची स्थिर जमीन पिठाला अधिक मानवते; पण सर्वांत उबदार जागा चालण्याच्या वाटेतच येते आणि पातेल्याला कोणाचा तरी पाय लागतो. यातली दुसरी विसंगती अधिक खोल आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर मांडी घालून पंगती उठवल्या, तो सुखद जमीन बांधण्याची ऐपत येईपर्यंत ओट्यालगतच्या उंच स्टुलावर जाऊन बसला, आणि आता तळपायांपासून जमिनीपर्यंत दोन फुटांची पोकळी राखून तिच्या उबदारपणाची चर्चा करतो.

खर्चाच्या बाजूने पाहता पाण्याचा आणि विजेचा असे दोन पंथ पडतात. विजेच्या पंथात दर चौरस मीटरला साधारण १५० वॅटची जाळी टाइल्सखाली अंथरतात; ती स्वस्त पडते, एका दिवसात बसते, आणि पुढे बिलातून आपली किंमत वसूल करत राहते, कारण ब्रिटनमध्ये तेवढ्याच ऊर्जेसाठी वीज गॅसच्या अंदाजे चौपट महाग असते. पाण्याच्या पंथात आधी उष्णतारोधक फोमच्या पाट्या घालून त्यांवर सोळा मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी चकलीच्या वेटोळ्यांप्रमाणे अंथरतात, तिची सर्व टोके मॅनिफोल्ड नावाच्या पितळी वा पोलादी वाटपकेंद्रात आणतात, आणि वरून स्क्रीड, म्हणजे सिमेंट-रेतीचा सपाटीचा थर, ओततात. यात बसवण्याचा खर्च मोठा, चालवण्याचा लहान. कुटुंबात एक तरी सॉफ्टवेअर अभियंता असल्यामुळे हे सर्व एक्सेलच्या तक्त्यात मांडले जाते, आणि खर्च किती वर्षांत वसूल होईल हे पेशीत टाकलेल्या गॅसच्या दरावर अवलंबून असल्याने, दर बदलून हवे ते उत्तर आणता येते, हा शोध दोन्ही बाजूंना थोड्याच दिवसांच्या अंतराने लागतो. मग हीट पंपाचा विषय निघतो. बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता उपसून घरात आणणारे हे यंत्र पाणी जितके कमी तापवावे लागेल तितके काटकसरीने चालते, म्हणून जमिनीखालच्या नळ्यांशी त्याचे उत्तम जमते, आणि इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी सरकारी अनुदान ७,५०० पौंडांवर नेण्यात आले. अनुदान हा शब्द कानावर पडताच तक्त्यातील सर्व पेशी पुन्हा उघडल्या जातात.

गालिच्याचे प्रकरण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये कापडाचा उष्णतेला होणारा विरोध टॉग या एककात मोजतात; उन्हाळी रजई साडेचार टॉगची, हिवाळी साडेतेराची अशी ती दुकानात विकली जाते, आणि नळ्यांवर अंथरायचा गालिचा व त्याखालचा थर मिळून अडीच टॉगपेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे. लग्नात माहेरहून आलेली सोलापुरी सतरंजी किती टॉगची, हे कोणत्याही तक्त्यात दिलेले नाही.

खरा सांस्कृतिक संघर्ष मात्र बटणाशी होतो. नळ्यांवरचा सिमेंटचा जाड थर तापायला दोन-तीन तास घेतो आणि निवायलाही तितकाच आळस करतो, म्हणून तज्ज्ञांचा सल्ला असा की ही व्यवस्था पूर्ण बंद करू नये, रात्री दोन-चार अंश खाली आणून चालूच ठेवावी. हा सल्ला ज्या व्यक्तीला दिला जातो तिचे बालपण गीझर आंघोळीच्या आधी दहा मिनिटे लावून नंतर लगेच बंद करण्यात गेलेले असते, आणि खोलीतून बाहेर पडताना पंखा चालू राहिला तर घराण्याचा इतिहास ऐकावा लागलेला असतो. पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील या बाबतीत अधिक कर्तव्यदक्ष असतात. ते दुपारी बाहेर जाताना भिंतीवरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून उष्णता सोडणारी व थांबवणारी कळ, निष्ठेने खाली करतात, संध्याकाळी सून गारठलेल्या घरात येऊन ती वर करते, आणि जमीन रात्री साडेनऊला, म्हणजे सर्वजण पांघरुणात शिरण्याच्या सुमारास, परिपूर्ण तापते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलेले असते. इंग्लंडचे हवामान आणि सिमेंटचा थर यांपैकी एकाच्याच वेळापत्रकानुसार जगता येते, ही गोष्ट कोटेशनमध्ये छापायला हवी.

नळ्या स्थिर कपाटांखालून नेऊ नयेत असा सर्वमान्य नियम असल्यामुळे ओटा, बेट म्हणून ओळखला जाणारा मधला चौथरा आणि फ्रिज यांच्या जागा काँक्रीटच्या आधी ठरवाव्या लागतात. देवघराचा मुद्दा येथे अनपेक्षितपणे पुढे येतो: ते ईशान्येला हवे, ईशान्येला काचेचे दार आहे, दाराशी उष्णता सर्वांत जास्त निसटते म्हणून तेथे नळ्या दाट हव्यात, आणि दाट नळ्यांवर ठेवलेल्या देवघरातले लोणी व नैवेद्याचे दूध लवकर उतरेल अशी शंका कोणीतरी काढते. शिवाय जमिनीत एकही छिद्र पाडायचे नाही, ही अट आयुष्यभराची असते, त्यासाठी नळ्यांची छायाचित्रे काढून ठेवतात, आणि ती ज्या फोनमध्ये असतात तो फोन पुढच्या वर्षी बदलला जातो. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउन वसाहतीतील घरांत दुसऱ्या महायुद्धानंतर सिमेंटच्या थरात तांब्याच्या नळ्या घातल्या होत्या, आणि त्यांतील कित्येक पुढे गळू लागल्या; आजच्या प्लॅस्टिकच्या नळीला मध्ये जोड नसल्याने हे भय पुष्कळ कमी झाले आहे, पण भयाला पुष्कळ कमी होणे पुरत नाही.

सिमेंटचा थर वाळण्याचा हिशेब स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. पहिल्या ४० मिलिमीटरांसाठी दिवसाला एक मिलिमीटर आणि त्यापुढे त्याच्या निम्म्या वेगाने तो वाळतो असा सर्वसाधारण आडाखा आहे. म्हणजे ६५ मिलिमीटरच्या थराला ४० अधिक ५०, असे ९० दिवस लागतात, आणि तोवर त्यावर लाकडी फरशी बसवायची नसते, तसेच नळ्यांत गरम पाणी सोडून तो घाईने वाळवायचाही नसतो. दरम्यान मुहूर्त काढलेला असतो. वास्तुशांतीसाठी नागपूर व कोल्हापूर येथून निघणाऱ्यांची विमानाची तिकिटे परतावा न मिळणारी असतात, गुरुजी लेस्टरहून यायचे असल्याने त्यांची तारीख हलत नाही, आणि लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, जे १९३२ पासून अशा अडचणींतल्या लोकांची एकमेकांशी गाठ घालून देत आले आहे, भेटणारा प्रत्येक जण वेगळ्या कंपनीच्या झटपट वाळणाऱ्या मिश्रणाचे नाव सुचवतो. होमाची उष्णता थराला चालेल का, हा प्रश्न बिल्डरला विचारण्याची जबाबदारी कोणीही घेत नाही.

अशा रीतीने पक्ष-प्रतिपक्षांची मांडणी पूर्ण झाल्यावर काँक्रीटच्या आदल्या रात्री बहुसंख्य कुटुंबे एका तिसऱ्याच निष्कर्षाप्रत येतात, ज्याची तांत्रिक पुस्तिकांत फारशी दखल घेतलेली नाही. नळ्या टाकून घ्यायच्या, त्यांत हवेचा वा पाण्याचा दाब भरून गळती नाही याची खात्री करायची, सिमेंट ओतायचे, टोके मॅनिफोल्डच्या कपाटात आणून बुचे बसवायची, आणि बॉयलरला जोडायचे की नाही ते नंतर पाहायचे. प्लॅस्टिकच्या नळ्यांचे अपेक्षित आयुष्य ५० वर्षे धरले जात असल्याने “नंतर” या शब्दाला येथे प्रशस्त जागा मिळते. पहिल्या हिवाळ्यात वाढवलेल्या स्वयंपाकघरात थंडी वाजते. तेव्हा चाके असलेला, तेल भरलेला विजेचा रेडिएटर विकत आणला जातो, तो काचेच्या दाराशी उभा राहतो, त्याच्यावर मोजे वाळतात आणि शेजारी डोशाचे पीठ फुगते. वास्तुशांतीला आलेल्यांपैकी कोणी जमिनीकडे बोट दाखवून विचारले तर यजमान “पाइप आहेत, फक्त जोडायचे आहेत” असे अभिमानाने सांगतो, आणि त्यावर समोरचा, तितक्याच अभिमानाने, “आमचेही” असे म्हणतो.